स्टिअरिंग वळवताना 'टंग्' असा आवाज, रॅक बदलायलाच हवी का?

उनाड

नमस्कार मंडळी. गेले तीन आठवडे गाडीच्या एका आवाजाने पिच्छा पुरवला आहे, म्हणून हा धागा.

गाडी छोटी हॅचबॅक, पुढच्या चाकांवर चालणारी. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग. वय सहा वर्षं, धाव ७२,००० किमी. सकाळी पार्किंगमधून रिव्हर्स काढताना स्टिअरिंग बरंच वळवलं की पुढून 'टंग्' असा आवाज येतो. ताणून धरलेली तार सुटावी तसा. कधी एकदा, कधी लागोपाठ दोनदा. वेग घेतला की काही नाही. शिवाय खराब रस्त्यावर एक वेगळीच खटखट ऐकू येते, ती याच आवाजाची आहे की दुसरी, ते कळत नाही. स्टिअरिंग जड झालेलं नाही, कुठला दिवाही लागलेला नाही.

गॅरेजमध्ये पाच मिनिटं चालवून पाहिली आणि सांगितलं, "रॅक गेली, पूर्ण बदलावी लागेल." रॅक म्हणजे स्टिअरिंगचं वळण पुढच्या चाकांपर्यंत नेणारी दातेरी दांडी. खर्चापेक्षाही मला भीती वेगळीच आहे. दर आठवड्याला आईवडिलांना आणि लेकीला घेऊन लांबचा प्रवास असतो. स्टिअरिंगमध्ये खरंच काही तुटत आलं असेल, तर एक दिवसही चालवायची नाही. आणि तसं नसेल, तर चांगली रॅक काढून फेकायची नाही. जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

निळाई

माझ्या गाडीत स्टिअरिंग फिरवलं की कागद चुरगळल्यासारखा आवाज यायचा, थेट हातातल्या चाकातूनच. ती आतली क्लॉक स्प्रिंग निघाली. हॉर्न आणि एअरबॅगच्या तारा ज्या चपट्या पट्टीतून जातात ती गुंडाळी. नंतर हॉर्न अधूनमधून बंद पडायला लागला आणि एअरबॅगचा दिवा लागला, तेव्हा उलगडा झाला. तुमचा आवाज चाकातून येतो की बाहेरून?

साधा मेकॅनिक

उनाड, आधी सुरक्षेचं बोलू, कारण घरची माणसं गाडीत असतात. स्टिअरिंग मध्येच अडकत असेल, सरळ रस्त्यावर चाक इकडेतिकडे हलवूनही गाडी लगेच प्रतिसाद देत नसेल, किंवा गाडी स्वतःहून एका बाजूला झेपावत असेल, तर आज गाडी जागेवर उभी करा आणि टो करून न्या. यातलं काही नसेल, तर शोध घ्यायला वेळ आहे.

एकवीस वर्षं पुढची चाकं उघडतोय, त्यावरून सांगतो. आवाज कसा आहे यापेक्षा तो नेमका कधी येतो, ते जास्त बोलतं. टंग्, टक्, खट् हे ज्याच्या त्याच्या कानावर असतं. म्हणून एवढं पाहून सांगा. गाडी जागेवर उभी, इंजिन चालू, फक्त स्टिअरिंग फिरवलं, तर येतो का? चाक पूर्ण वळवलेलं असताना येतो, की वळवत असताना मध्येच? थोडंसं, इंचभर, डावीउजवीकडे झुलवलं तर येतो का? सरळ जाताना एकच चाक खड्ड्यात गेलं, तर काय ऐकू येतं? आणि एक महत्त्वाचं: वळण संपलं की स्टिअरिंग पूर्वीसारखं आपोआप सरळ होतं का?

या पाच उत्तरांवर अर्धं निदान होतं. पाच मिनिटांच्या फेरीत रॅकवर बोट ठेवणं मला पटत नाही. रॅक खराब होतेच, पण शेवटी तिच्याकडे जायचं असतं.

रानवारा

पॉवर स्टिअरिंगचं तेल तपासलंत का? माझ्याकडे तेल कमी झाल्यावर असाच आवाज येतो. म्हणजे असाच नाही, 'घूंऽऽ' असा. तेल भरलं की चार दिवस गप्प, पुन्हा सुरू.

अभियंता मी

रानवारा, त्यांच्या गाडीत तेलच नाही. इलेक्ट्रिक प्रकारात पंप, पट्टा, तेलाची टाकी यांपैकी काहीच नसतं, मोटर थेट कॉलमला (हातातल्या चाकाखालच्या दांड्याला) किंवा रॅकला जोर देते. १९८८ साली सुझुकीच्या सर्व्हो या छोट्या गाडीत हे आलं आणि आता बहुतेक लहान गाड्यांत तेच असतं. त्यामुळे जुन्या हायड्रॉलिक गाड्यांचे घूं-घूं आणि चीं-चीं आवाज इथे बाद. उरतात ते यांत्रिक सांध्यांचे आवाज.

धुकं

इंचभर झुलवण्याच्या प्रश्नाला माझा दुजोरा. माझ्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगला तेवढ्या हालचालीतच 'टक-टक' व्हायचं, अगदी डॅशबोर्डखालून. कॉलमवरच्या मोटरचा जोर वर्मगिअरला देणारा रबरी चांदणीसारखा एक तुकडा असतो, त्याचा भुगा झाला होता. तुकडा तळहातात मावेल एवढा. पण कॉलम उतरवावा लागला, आणि त्यात एअरबॅगची वायरिंग येते, म्हणून मी स्वतः हात लावला नाही. बॅटरीची तार काढून, सांगितलेला वेळ थांबूनच त्या भागाला हात लावायचा असतो.

उनाड

सगळ्यांचे मनापासून आभार. आज संध्याकाळी शांतपणे बसून पाहिलं.

>> जागेवर उभी असताना येतो का <<
हो, येतो. इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावलेला. मधल्यापासून डावीकडे साधारण अर्धा फेरा फिरला की 'टंग्'. परत आणताना साधारण तिथेच पुन्हा. पूर्ण वळवून धरलं की काही नाही.

>> इंचभर झुलवलं तर <<
काही नाही. धुकं, तुमची शंका फिटली असं वाटतं. निळाई, चाकातून नाही, बाहेरून येतो.

>> एकच चाक खड्ड्यात <<
डावं चाक गेलं तर 'खट्', उजवं गेलं तर काही नाही.

>> आपोआप सरळ होतं का <<
हा प्रश्न वाचून मी चमकलो. नाही होत! हल्ली वळणानंतर मला चाक हाताने आणावं लागतं. इतक्या हळूहळू झालं की सवय होऊन गेली होती.

साधा मेकॅनिक

वा, छान तपासलंत. आता माझा अंदाज सांगतो, पण तो तुमच्या हाताने सिद्ध करा, माझ्या शब्दावर विसंबू नका.

तुमच्या गाडीला पुढे मॅकफर्सन पद्धतीचं सस्पेन्शन असणार. यात शॉकअप आणि त्याभोवतीची स्प्रिंग चाकासोबत फिरतात, पण वरचं टोक बॉडीला पक्कं बसवलेलं असतं. फिरणारं आणि न फिरणारं यांच्यामध्ये एक चपटं बेअरिंग असतं, शॉकअप माउंटिंगच्या खाली. त्यात धूळ-पाणी जाऊन ते जाम झालं की स्टिअरिंग वळवताना स्प्रिंग खालून फिरते आणि वरून अडकलेली राहते. ती पिळली जाते. पीळ वाढत जातो आणि एका क्षणी वरचं टोक सटकून जागेवर येतं. तोच तुमचा 'टंग्'. तार सुटल्यासारखा म्हणालात ना, खरोखर तसंच घडतं.

आणि हेच जाम बेअरिंग चाकाला सरळ होऊ देत नाही. म्हणून तो पाचवा प्रश्न विचारला होता. रॅकमधला प्ले, म्हणजे सैलपणा, सहसा चाकाला असं धरून ठेवत नाही.

तपासायचं असं. गाडी सपाट जमिनीवर, हँडब्रेक, चाकांमागे दगड किंवा ठोकळे. एकाने स्टिअरिंग सावकाश फिरवायचं, दुसऱ्याने बोटांची टोकं स्प्रिंगच्या बाहेरच्या अंगाला नुसती टेकवायची. वेटोळ्यांच्या फटीत बोट घालू नका, सुटताना चिमटा बसला तर बोट जाईल. चांगल्या बाजूला स्प्रिंग एकसारखी फिरते. खराब बाजूला ती थांबते आणि मग लाथ मारल्यासारखी उडी घेते. दोन्ही बाजू पाहा. कानाने बाजू ठरवू नका, लोखंडातून आवाज कुठूनही कुठे जातो.

ती 'खट्' मात्र वेगळी आहे. स्टॅबिलायझर बारची (वळणात गाडी कलू नये म्हणून दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या दांड्याची) लिंक रॉड पाहा, ती पातळ दांडी जिच्या दोन्ही टोकांना छोटे बॉल जॉइंट असतात. एकच चाक वरखाली झालं की बार पिळतो आणि सैल लिंक खटखटते. दोन्ही चाकं एकदम उचलली जातात, तेव्हा ती बऱ्याचदा गप्प असते.

रानवारा

धाग्यात घुसतोय, माफ करा. माझ्या घूं-घूंचं काय करू? गाडी हायड्रॉलिक. थंडीत सकाळी जास्त, आणि टाकीचं झाकण उघडलं तर तेलावर फेस असतो.

साधा मेकॅनिक

फेस म्हणजे तेलात हवा आहे. पंप तेलाऐवजी बुडबुडे ओढतोय आणि म्हणून ओरडतोय. असंच चालू ठेवलंत तर पंप झिजेल. टाकीपासून पंपाकडे जाणारी कमी दाबाची रबरी नळी आणि तिची क्लिप तपासा. तिथून तेल बाहेर ठिबकत नसेल, तरी हवा आत शिरू शकते, कारण ती बाजू ओढणारी आहे. आणि तेल वारंवार कमी होतंय तर ते कुठेतरी जातंय. रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट दाबून पाहा, आत तेल साचलं असेल तर रॅकचं सील गेलंय.

तेल कुठलं भरता? काही गाड्यांना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) लागतं, काहींना वेगळं खास तेल. टाकीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. दोन जाती मिसळू नका, सील फुगतात किंवा आक्रसतात.

हवा काढायची पद्धत: पुढची चाकं उचलून स्टँडवर घ्यायची, इंजिन बंदच ठेवायचं, आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश १५-२० वेळा फिरवायचं. मध्ये मध्ये तेलाची पातळी पाहत राहायची. मग इंजिन सुरू करून पुन्हा काही फेरे. टोकाला नेऊन धरून ठेवू नका, पाच सेकंदांच्या आत सोडा, तिथे दाब सर्वांत जास्त असतो. टोकाला जो 'स्स्स' येतो तो दाब सोडणाऱ्या झडपेचा, तो आजार नाही.

निळाई

उनाड, स्प्रिंगला हात लावताना मोबाईलवर चित्रण करून ठेवा. गॅरेजमध्ये 'इथे तर येत नाही' असं होतं नेहमी. गाडी गरम झाली की आवाज गायब.

उनाड

रविवारचा अहवाल.

भाऊ स्टिअरिंगवर बसला, मी खाली. मला शपथेवर उजव्या बाजूचा आवाज वाटत होता, कारण आत बसून तसंच ऐकू येतं. आधी उजवीकडे बोटं टेकवली. स्प्रिंग लोण्यासारखी फिरली. मग डावीकडे. तीन-चार सेकंद काहीच हलेना आणि मग अशी उसळली की मी हात मागे घेतला. 'टंग्' त्याच क्षणी. साधा मेकॅनिक, तुम्ही लाथ म्हणालात तो शब्द अगदी बरोबर होता. दोनदा चित्रण केलं.

लिंक रॉडही पाहिली. डावीचं रबर फाटलेलं, हाताने हलवली तरी खालच्या टोकाला खुट्खुट् लागते. उजवी घट्ट.

बोनेट उघडून वरच्या माउंटिंगवरही तळहात ठेवला. तिथेही धक्का जाणवतो, पण स्प्रिंगइतका स्पष्ट नाही.

अभियंता मी

छान पुरावा. एक चाचणी अजून उरते, ती गॅरेजच्या पिटवर होईल. चारही चाकं जमिनीवर, इंजिन चालू, वर बसलेल्याने स्टिअरिंग दोन-तीन अंश पटापट डावीउजवीकडे झुलवायचं. खालून पाहणाऱ्याने टाय रॉड एन्ड (रॅकपासून चाकाकडे जाणाऱ्या दांडीचं टोक), आतले बॉल जॉइंट, लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) जॉइंट, कॉलमचे क्रॉस (दांड्यातले वळणारे सांधे) यांवर एकेक करून बोट ठेवायचं. हवेत लटकलेल्या चाकात जो प्ले दिसत नाही, तो वजन असताना दिसतो. नंतर जॅकवर घेऊन चाक घड्याळाच्या ३ आणि ९ वर धरून हलवलं तर टाय रॉडचा सैलपणा, १२ आणि ६ वर धरून हलवलं तर बॉल जॉइंट किंवा चाकाच्या बेअरिंगचा. रॅकला दोष द्यायचा तर हे सगळं ठीक निघाल्यावर.

वाटसरू

सोप्पा उपाय सांगू का? गंज सोडवणारा स्प्रे घ्या आणि माउंटिंगच्या फटीत भरपूर मारा. माझा आवाज गेला होता.

साधा मेकॅनिक

वाटसरू, तुमचा आवाज गेला असेल, पण मला विचाराल तर हे करू नका. तो स्प्रे बेअरिंगमधलं उरलंसुरलं ग्रीस धुवून काढतो आणि शेजारच्या रबराला त्रास देतो. थोड्या दिवसांनी आवाज परत येतो, तोही जास्त जोरात. रबरी बुश (सांध्यात बसवलेलं रबरी कडं) करकरतंय की नाही एवढं ठरवायला नुसतं पाणी मारा. ओलं झाल्यावर आवाज बदलला, तर बुश सापडला. रबराला लावायचंच झालं तर सिलिकॉनचं वंगण.

उनाड, बेअरिंग बदलायला शॉकअप पूर्ण बाहेर काढावा लागतो आणि स्प्रिंग कॉम्प्रेसरने दाबावी लागते. हे काम घरी करू नका, हात जोडून सांगतो. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो. स्प्रिंग न दाबता वरचं मधलं नट सैल करणं तर त्याहून वाईट. गॅरेजवाल्यांकडून करून घ्या, आणि दोन्ही बाजूंचं करा. दुसऱ्या बाजूनेही तेवढेच किलोमीटर खाल्लेत आणि तेवढंच पाणी प्यायलंय.

उनाड

त्याच गॅरेजमध्ये गेलो. चित्रण दाखवलं. तिथल्या मुख्य कारागिरांनी स्वतः बोटं टेकवली, मग पिटवर घेऊन झुलवण्याची चाचणी केली, आणि रॅकचं म्हणणं स्वतःहून मागे घेतलं. टाय रॉड ठीक, क्रॉस ठीक, रॅकच्या बुटांत सुकं. मला त्यांचा राग नाही, हात लावून पाहिल्यावर ते लगेच पटले. आधी वेळ दिला नाही, एवढंच.

डावं बेअरिंग माझ्यासमोर उघडलं. आतल्या गोळ्या गंजलेल्या, प्लास्टिकचा पिंजरा तुटलेला, ग्रीसच्या जागी लाल चिखल. उजवं बरं होतं, पण हातात फिरवलं तर खरखर लागत होती. दोन्ही बाजूंची माउंटिंग, बेअरिंग आणि लिंक रॉड बदलल्या. लोअर आर्मचे बुश तडकलेले दिसले, तेही बदलले. मग अलाइनमेंट.

'टंग्' गेला! स्टिअरिंग वळणातून आपोआप परत येतं आहे. विसरलोच होतो गाडी अशी होती.

पण... नवा आवाज. गतिरोधकावरून गेलो की पुढून 'कुर्रर्र'. जुनं लाकडी दार उघडावं तसा. आता काय?

धुकं

अरेरे. बुश खराब निघाले असतील का?

साधा मेकॅनिक

बुश नवे आहेत, म्हणूनच मला शंका येते. त्यांनी लोअर आर्मचे बोल्ट कधी आवळले, गाडी लिफ्टवर आणि चाकं लटकलेली असताना की जमिनीवर वजन आल्यावर?

रबरी बुशची बाहेरची नळी आर्मला आणि आतली नळी बॉडीला पकडलेली असते, मधलं रबर दोन्हींना चिकटलेलं. आर्म वरखाली होतो तो त्या रबराच्या पिळावर. चाक लटकत असताना बोल्ट आवळला तर बुश त्याच स्थितीत 'सरळ' ठरतो. गाडी खाली उतरली की तो कायमचा पिळलेला राहतो, करकरतो आणि वर्षभरात फाटूनही जाऊ शकतो. उपाय बिनखर्चाचा आहे: गाडी चाकांवर उभी ठेवून, म्हणजे पिटवर किंवा चारही चाकं टेकतील अशा लिफ्टवर, बोल्ट सैल करायचे, गाडी दोन-तीनदा दाबून हलवायची आणि पुस्तिकेतल्या टॉर्कने, म्हणजे सांगितलेल्या जोराने, पुन्हा आवळायचे. मग अलाइनमेंट पुन्हा तपासायची.

उनाड

तेच होतं. लिफ्टवर आवळले होते. आज पिटवर सैल करताना बोल्ट ढिला होताच बुश 'टुक्' करून स्वतःच फिरला, आम्ही दोघांनी ऐकलं. पुन्हा आवळले, अलाइनमेंट केली. स्टिअरिंग किंचित तिरकं राहत होतं तेही सरळ झालं, आणि अँगल सेन्सर (स्टिअरिंग किती वळलं ते मोजणारा) शून्यावर आणून घेतला. आता तीन दिवस गाडी पूर्ण शांत आहे. काल सगळ्यांना घेऊन दूर जाऊन आलो. आईने विचारलं, "आज रेडिओ मोठा लावला नाहीस का?" आवाज ऐकू येऊ नये म्हणून मी तीन आठवडे रेडिओ मोठा लावत होतो, हे तिच्या लक्षात आलं होतं.

रानवारा

माझाही निकाल लागला. टाकीखालच्या नळीची क्लिप सैल होती, आणि नळीला बारीक भेग. दोन्ही बदलली, पुस्तिकेतलं तेल भरलं, सांगितल्याप्रमाणे हवा काढली. पहिल्या दिवशी थोडा फेस होता, दुसऱ्या दिवशी सकाळी तेल स्वच्छ आणि पंप गप्प. रॅकचे बूट सुके आहेत. खूप आभार.

निळाई

हा धागा जपून ठेवतेय. एक प्रश्न. मैत्रिणीच्या गाडीत वळताना एक्सलरेटर दिला की 'टिक-टिक-टिक' येतं, पाय काढला की थांबतं. जागेवर स्टिअरिंग फिरवलं तर अजिबात नाही. हेही बेअरिंगच का?

साधा मेकॅनिक

नाही निळाई. चाक फिरतंय, जोर लागतोय आणि वळण आहे, तिन्ही एकत्र आले तरच आवाज येतो, म्हणजे ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट. चाकाच्या आतल्या बाजूला पाहा, शाफ्टवरचा घड्यांचा रबरी बूट फाटलेला असेल आणि रिमच्या आत काळं ग्रीस उडालेलं दिसेल. बूट नुकताच फाटला असेल तर साफ करून, ग्रीस भरून नवा बूट चालतो. टिकटिक सुरू झाली असेल तर जॉइंट झिजलाय, तोच बदलावा लागेल. मैत्रिणीला सांगा, चाक पूर्ण वळवून जोरात गाडी काढू नका, आणि या आठवड्यातच दाखवून घ्या.